मुदतीचा ताप

॥ श्री ॥
तेर, कार्तिक वद्य ५, शके १८६५

चि. सौ. चंद्रप्रभा हीस वनमालाचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र आणि चिवड्याचा डबा दोन्ही पोचलं. डबा उघडताना दिगू मांडीवरच बसला होता. त्यानं शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि पोहे माझ्या पदरात टाकले. खोड तुझी आहे. आप्पा तुला याच्यावरून किती बोलायचे, आठवतं ना?

इकडं सगळं ठीक. ह्यांच्या शाळेला नवे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, आले आहेत. माणूस शिस्तीचा आहे, पण रजेची रुखसत मागितली की कपाळाला आठ्या घालतो. साखर मिळत नाही, घासलेट मिळत नाही, लढाई संपेपर्यंत असंच चालायचं म्हणतात.

तुळजापूरच्या काकांनी दिगूच्या दत्तविधानासाठी माघातला मुहूर्त काढून दिला आहे. तू त्याला माझ्या ओटीत घातलास तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता, आता चार पुरी होतील. काहीबाही अडचणींनी विधान राहूनच गेलं. आता लांबवायचं नाही असं ह्यांनी ठरवलं आहे. तुम्हां दोघांना यावं लागेल. वसंतरावांच्या गिरणीतल्या कचेरीत आतापासून सांगून ठेवा.

तू जिवाला फार खाऊ नकोस. शकूला जाऊन वर्ष होत आलं. देवानं नेली, त्याला आपण काय करणार? तुझे दोघं थोरले आहेत, त्यांच्याकडं बघ.

दिगूच्या अंगात दोन-चार दिवस जरा कसर आहे. काळजीसारखं काही नाही, हवा बदलली की व्हायचंच. तिकडं ताप मोजायची काचेची नळी मिळते ना? शिवलिंगप्पा अडत्ये पुढच्या आठवड्यात माल घेऊन सोलापूरला येणार आहेत. त्यांच्याबरोबर एक धाड. घरात असलेली बरी, एवढंच.

वसंतरावांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी
अक्का

---

सोलापूर, ता. २४ नोव्हेंबर १९४३

ती. अक्काचे चरणी चंद्रप्रभेचा शिरसाष्टांग नमस्कार.

नळी शिवलिंगप्पांच्या हाती दिली आहे. कापसात गुंडाळून डबीत घातली आहे. हे बाजारातून नवी आणायला निघाले होते, मीच थांबवलं. ही शकूच्या वेळची आहे. बरोबर दाखवते, मला ठाऊक आहे.

बघायची रीत सांगते. आधी मनगटाला झटका देऊन पारा खाली उतरवायचा. मग काखेतला घाम पुसून नळी काखेत धरायची, हात छातीशी दाबून ठेवायचा. पोर चुळबुळ करतं, म्हणून गोष्ट सांगत बसायचं. बाहेर काढून उजेडाकडं तिरपी धरलीस की पाऱ्याची रेघ दिसेल. अठ्ठ्याण्णवच्या पुढं बाणाची खूण आहे, ती चांगल्या माणसाची. गरम पाण्यानं धुवायची नाही, फुटते. सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या वेळी एकदा बघ.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. दोन-चार दिवसांच्या कसरीला कुणी परगावाहून नळी मागवीत नाही, अक्का. ताप कधीपासून आहे? हुडहुडी भरून येतो आणि उतरतो, की उतरतच नाही? जीभ कशी आहे? पोट फुगतं का? डोकं दुखतं म्हणतो का?

त्याला इकडं घेऊन ये. धाराशिवपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार आहेच. ह्यांच्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत, घर दवाखान्याजवळ आहे. मी पुढच्या खोलीत त्याचं अंथरूण घालून ठेवते.

भावोजींना नमस्कार. उलट टपाली उत्तर टाक.

चंद्रप्रभा

---

॥ श्री ॥
तेर, मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८६५

चि. सौ. चंद्रप्रभा हीस आशीर्वाद.

नळी मिळाली. करोडगिरीच्या जकात नाक्यावर जवानानं डबी उघडायला लावली आणि आत काय आहे म्हणून शिवलिंगप्पांना खोदून विचारलं. त्यांनी सांगितलं, "पोराचा ताप मोजायचं हाय, साहेब." तो म्हणाला, मग आधी माझा बघून दाखवा. त्याचा बघितला तेव्हा कुठं सोडलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं अशी. ताप काही दिवस आहे. हुडहुडी नाही. सकाळी थोडा कमी असतो, संध्याकाळी चढतो. काल एकशेतीन होता. पहिल्यांदा वाटलं हिवताप, म्हणून क्विनाइनच्या पुड्या मिळवल्या. लढाईमुळं त्याही सहज मिळत नाहीत, आणि मिळाल्या त्याचा काही गुण आला नाही. मग वैद्यबुवांचा गुळवेलीचा काढा सुरू केला. जीभ मधे पांढरी आहे, कडेनं लाल. डोकं दुखतं म्हणत होता, आता काहीच म्हणत नाही. नुसता छताकडं बघत पडून असतो. हाक मारली की ओ देतो, पण उशिरा.

शेजारच्या नागूबाई रोज येऊन बसतात. त्यांचं एकच चाललंय, "लई दिस झालं, पोट साफ न्हाय. येरंडेल पाजा की वो बाई, ताप कुठं ऱ्हातोय मग?" त्यांनी सात लेकरं वाढवली आहेत, अगदीच खोटं म्हणवत नाही.

सोलापूरला आणायचं म्हणतेस, ते आता होणार नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी पोराला अजिबात हलवू नका असं बजावलं आहे. गाडीचे हिसके, वारा, कोळशावर चालणाऱ्या मोटारीचा धूर, हे त्याला सोसणार नाही. इथं त्याचं घर आहे, त्याची सवयीची माणसं आहेत. उगीच धास्ती घेऊ नकोस आणि धावत येऊही नकोस. तू आलीस की तो घाबरेल, आपल्याला फार झालंय असं त्याला वाटेल.

मी त्याला सांभाळून आहे.

तुझी
अक्का

---

तेर, मार्गशीर्ष शुद्ध ५

चि. सौ. चंद्रप्रभा हीस अंबादासचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या अक्काला न दाखवता लिहीत आहे. शिवलिंगप्पांचा माणूस आजच निघतो आहे, त्याच्या हाती देतो.

डॉक्टरांनी दिगूला अद्याप पाहिलेलं नाही. तिनं तुला तसं लिहिलं हे मला काल रात्री बोलता बोलता कळलं. मी पहिल्या आठवड्यापासून धाराशिवला नेऊ म्हणतो आहे. ती म्हणते, तिथले डॉक्टर सोलापूरला न्या म्हणतील. म्हणू देत, मी म्हटलं. त्यावर ती उठून काढा उकळायला गेली.

परवा दुपारी मी शाळेत असताना त्याला एरंडेल दिलं. संध्याकाळी चार वेळा शौचाला झालं आणि शेवटी त्यात रक्त दिसलं. तेव्हापासून पोर फार गळून गेलं आहे. तिनंही अन्न सोडलं आहे. मी रागावलो नाही. रागावण्यासारखं तिच्यात काही उरलेलं नाही.

सदर मुदर्रिसांनी रुखसत दिली नाही, तरी मी उद्या पहाटे गाडी जोडून दोघांना धाराशिवला नेत आहे. गाडीत गवताची जाड गादी घातली आहे. शिवलिंगप्पांचे मेहुणे कल्याणप्पा यांचं दुकान सरकारी दवाखान्याजवळ आहे, मागची खोली ते देत आहेत. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे.

तुला यायचं असेल तर तिला विचारत बसू नकोस.

अंबादास

---

सोलापूर, ता. ५ डिसेंबर १९४३

ती. अक्कास नमस्कार.

भावोजींचं पत्र मिळालं. त्यांच्यावर चिडू नकोस.

मी मंगळवारच्या मोटारीनं निघते. मुलांकडं सासूबाई बघतील. बार्ली, मोसंबी आणि जुनी मऊ धोतरं आणते. नको म्हणू नकोस, कारण तुझं उत्तर यायच्या आत मी तिथं असेन.

चंद्रप्रभा

---

॥ श्री ॥
धाराशिव, मार्गशीर्ष शुद्ध ९

चि. सौ. चंद्रप्रभा हीस आशीर्वाद.

आम्ही इथं येऊन पोचलो. डॉक्टरांनी दिगूला पाहिलं. मुदतीचा ताप आहे, डॉक्टरी भाषेत टायफॉइड. हैदराबादेकडचे वयस्क गृहस्थ आहेत, आवाज मोठा, हात हलका. पोट दाबून बघितलं, छातीवर उठलेले बारीक लाल ठिपके मला दाखवले आणि विचारलं, जुलाब कुणी दिला? मीच दिला, असं मी सांगितलं. त्यांनी टाक खाली ठेवला. या तापात आतड्याला आतून जखमा होतात, म्हणाले, जुलाबानं त्या फाटतात. पोर वाचलं हे नशीब.

याच्यावर औषध नाही. ताप आपली मुदत पुरी करूनच जातो. तोवर पोराला धरून ठेवायचं, एवढंच माणसाच्या हातात. त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिते, कारण मला ते लिहून पक्कं करायचं आहे.

पाणी उकळून गार केलेलंच द्यायचं, आणि पुष्कळ द्यायचं. तो मागत नाही, म्हणून चमच्याचमच्यानं आपणच घालायचं. बार्लीचं पाणी, पेजेची निवळ, ताकाची निवळ, पाणी घातलेलं दूध, मोसंब्याचा रस गाळून. चावावं लागेल असं काहीही नाही. ताप एकशेतीनच्या वर गेला की कोमट पाण्यात फडकं पिळून सगळं अंग पुसायचं, कपाळावर गार पट्टी ठेवायची. पांघरुणं लादायची नाहीत. तोंड आतून कापसानं पुसायचं. कूस बदलत राहायची, नाहीतर पाठीला फोड येतात. उठून बसवायचंही नाही. त्याचं शौचाचं सगळं दूर नेऊन पुरायचं आणि दर वेळी आपले हात साबणानं धुवायचे.

तुम्ही पाणी कुठलं पिता, असंही विचारलं. नदीच्या झिऱ्याचं, म्हटलं. त्यांनी मान हलवली. हे परत गेले की शाळेत सगळ्या पोरांना सांगणार आहेत.

निघताना डॉक्टर म्हणाले, "माँजी, आगे इस को बहुत भूक लगेगी. रोया तो रोने दो. रहम खाको कुछ खिलाए तो बच्चा हाथ से जाएगा." म्हणजे ताप उतरायला लागला की भूक लागेल आणि तेव्हाच खरं जपायचं आहे.

तुला मी काय लिहिलं होतं ते मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे. त्याबद्दल आता नको.

तुला यायचं असेल तर ये. मला आता एकटीला जागरण होत नाही. फक्त एक कर. तो ग्लानीत 'आई, आई' म्हणतो, तेव्हा ओ मी देईन.

तुझी
अक्का

---

सोलापूर, ता. २९ डिसेंबर १९४३

ती. अक्कास नमस्कार.

परवा मी तुला न भेटताच मोटारीत बसले. भावोजी पोचवायला आले होते, त्यांनी दोनदा म्हटलं, निदान तिला सांगून तरी जा. मला जमलं नाही.

इतके दिवस आपण एका खोलीत होतो, आळीपाळीनं जागत होतो, आणि एकमेकींशी दिगूच्या पाण्यापलीकडं काही बोललो नाही. म्हणून आता लिहिते.

ताप उतरायला लागला तेव्हा मला वाटलं, संपलं. सकाळी पारा बाणाच्या खुणेवर आला त्या दिवशी तू कल्याणप्पांच्या अंगणात जाऊन रडलीस, मी खिडकीतून बघितलं. आणि त्याच दिवसापासून त्याची भूक सुरू झाली. अक्का, आजारापेक्षा ती भूक मला भारी गेली. कल्याणप्पांच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आला की तो मान उचलायचा. "आई, एक तुकडा. आई, नखाएवढा. आई, नुसती हातात दे, खात नाही." तू नाही म्हणायचीस. मग तो तुला चापट मारायचा, तुझे केस ओढायचा, तोंड फिरवायचा. तू पेजेचा चमचा पुढं करायचीस आणि तो हातानं उडवायचा. तू फडक्यानं पुसून दुसरा चमचा भरायचीस.

त्या दुपारी तू नदीवर कपडे घेऊन गेली होतीस. तो मला म्हणाला, "मावशी, तू चांगली आहेस. आई वाईट आहे."

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. शकूला गोवरानंतर छातीत झालं, तेव्हा शेवटच्या दिवशी ती भात मागत होती. भात आणि तूप. डॉक्टरांनी काही देऊ नका म्हटलं होतं, म्हणून मी दिला नाही. संध्याकाळी ती गेली. नाही दिला तरी गेली. तेव्हापासून ताटात भात वाढला की माझा हात थांबतो.

दिगूनं मागितल्यावर मी कल्याणप्पांच्या घरातून भाकरीचा पापुद्रा आणला आणि दुधात बुडवून त्याला दिला. त्यानं तो चावला नाही, नुसता तोंडात धरून ठेवला आणि डोळे मिटले. मग अजून दिला.

दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला. मी तुला आपण होऊन सांगितलं, लपवलं नाही. तेव्हा तू म्हणालीस, "एक आपल्या हातानं घालवलीस, आता याला घालवायला आलीस का?"

तू म्हणालीस ते खरं असेल. मला वाद घालायचा नाही. आजचा ताप किती, पोट मऊ आहे की फुगलं, शौचात रक्त आहे का, एवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. बरोबर बार्ली धाडते आहे.

चंद्रप्रभा

---

॥ श्री ॥
धाराशिव, पौष शुद्ध १२, शके १८६५

चि. सौ. चंद्रप्रभा हीस अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नांचं. दिगूचा ताप आज सकाळी बाणाच्या खाली आहे. गेले तीन दिवस संध्याकाळीही शंभरावर गेला नाही. पोट मऊ आहे. रक्त नाही. हा दुसरा फेरा पहिल्याइतका जोराचा नव्हता. डॉक्टर म्हणतात, धोका टळला.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी इतके दिवस लावले, त्याचं कारण सांगते. ताप उलटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तू मोटारीत बसलीस त्या सकाळी, मी डॉक्टरांना भाकरीचं सांगितलं. ते रागावले. पण म्हणाले, ताप उलटला तो भाकरीनं असं मी म्हणणार नाही, या तापाची जातच अशी आहे, काहीही न खाल्लेली पोरंही उलटतात. भाकरीनं आतडं फाटलं असतं, ते फाटलं नाही. हे मी तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण दोष तुझ्याकडं असला की माझ्याकडं कमी उरत होता. एरंडेल मी दिलं होतं. रक्त माझ्या हातानं आलं होतं.

शकूबद्दल मी बोलले ते तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी कळलं की हे आता परत घेता येणार नाही. तू तिला घालवलं नाहीस. भाताचं मला ठाऊक असतं तर त्या दिवशी मी कपडे घेऊन नदीवर गेलेच नसते, त्याच्याजवळ तुला एकटीला बसवलं नसतं.

डॉक्टरांनी हलवू नका म्हटलं, असं मी तुला लिहिलं, तेव्हा मी दवाखान्याची पायरीही चढले नव्हते. सोलापूरला तू अंथरूण घालून ठेवते म्हणालीस. ते वाचलं आणि मला दिसलं, पोर तिथं बरं होतंय, भावंडांत खेळतंय, आणि कुणीतरी म्हणतंय, आता इथंच राहू दे. विधान झालेलं नाही. मी कुठल्या तोंडानं मागणार होते? म्हणून मी काढा पाजत बसले. विधानाच्या मुहूर्तापर्यंत पोर जगलं पाहिजे, हा विचारही मला सुचला नाही. ह्यांनी गाडी जोडली नसती तर तो आज नसता.

म्हणून हे लिहिते आहे. दिगू आता प्रवास सोसेल इतका लवकरच होईल. तुला न्यायचा असेल तर ये आणि घेऊन जा. माघाच्या मुहूर्ताचं मी काकांना अजून काही कळवलेलं नाही. ह्यांच्याशी बोलले आहे. ते नाही म्हणाले नाहीत. हे मी रागानं लिहीत नाही आणि तू नको म्हणावंस म्हणूनही लिहीत नाही.

त्याच्या पायांत बळ नाही. काल उभा केला तर पाय मुडपले, पुन्हा रांगतो आहे आणि स्वतःच हसतो आहे. डोक्याचे केस मुठीनं गळताहेत. रोज विचारतो, मावशी कधी येणार? तुझी आठवण भाकरीची आहे हे मला कळतं, पण विचारतो खरं.

नागूबाईंचा पुतण्या सोमलिंग याच्या पोरालाही तिकडं ताप आहे. हे शनिवारी तेरला गेले तेव्हा नागूबाई स्वतः विचारायला आल्या, डॉक्टरनं काय काय सांगितलं. ह्यांनी सगळं सांगितलं. पोराला इथं आणलं आहे.

तुझी
अक्का

---

सोलापूर, ता. १६ जानेवारी १९४४

ती. अक्काचे चरणी चंद्रप्रभेचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र संक्रांतीच्या दिवशी मिळालं. हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या, त्या गेल्यावर वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझं काय ते तू ठरव. मी दोन दिवस घेतले.

तुझी भीती खोटी नव्हती. मी धाराशिवला येताना ट्रंकेत त्याच्या मापाचे चार सदरे आणि एक गरम कोट शिवून आणला होता. तू विचारलंस, आजारी पोराला इतके कपडे कशाला? मी म्हटलं, असू देत. मी त्याला घेऊनच यायचं ठरवलं होतं. शकू गेल्यापासून माझ्या मनात तेच होतं, ह्यांनाही मी बोलले नव्हते.

पण तिथं राहून मी जे बघितलं ते असं. माझ्याजवळ तो गोड बोलायचा. मावशी पाणी दे, मावशी गोष्ट सांग. रात्री पोटात दुखलं की मला उठवायचा नाही, मी शेजारी जागी असले तरी तुला उठवायचा. तुलाच मारायचा, तुझ्यावरच रुसायचा, आणि मग तुझ्याच पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. माझ्यावर तो एकदाही रुसला नाही. पाहुण्यावर कोण रुसतं? त्याला इथं आणलं तर तो माझ्यावर रुसायला शिकेल, पण त्याला किती वर्षं लागतील आणि तोवर तो तुझ्यासाठी किती रडेल, याचा मी विचार केला.

आणि भाकरीचंही सांगते. मला दया आली म्हणून मी दिली, असं मी स्वतःला सांगत होते. दया त्याची नव्हती, माझीच होती. शकूला न दिलेला घास मी त्याच्या तोंडात घालत होते. तू त्याच्याकडं बघत होतीस.

तेव्हा माघातला मुहूर्त तसाच ठेव. काकांना कळव. आम्ही दोघं दोन दिवस आधी येतो. सदरे आणि कोट तिथंच राहिले आहेत, ते त्याला होतील तोवर घाल. विधानात त्याला देताना मी रडेन, ते मनावर घेऊ नकोस आणि माझ्याजवळ येऊन समजूत काढू नकोस. त्याला घेऊन आत जा.

एक अट आहे. विधान झालं की तो सगळ्या बाबतीत तुमचा. नाव, शाळा, मुंज, तुम्ही म्हणाल ते. मी बोलणार नाही. तापात मात्र माझा वाटा राहील. अंग गरम लागलं की पहिल्याच दिवशी पत्र टाकायचं, आणि असेल ते लिहायचं. कसर असेल तर कसर, एकशेतीन असेल तर एकशेतीन. मी ये म्हणाले तर यायचं, मी येते म्हणाले तर नको म्हणायचं नाही.

केस गळतात त्याची काळजी नको, पुन्हा येतात आणि दाट येतात असं इथले डॉक्टर म्हणाले. तोवर कानावरून टोपी घाल. पायांना तेल चोळून सकाळच्या उन्हात बसवत जा. मऊ भात सुरू झाला का? आधी चार शितं, मग मूठ.

भावोजींना नमस्कार सांग. त्यांची रुखसत मंजूर झाली की पगार कापला?

चंद्रप्रभा

---

॥ श्री ॥
तेर, फाल्गुन शुद्ध ४, शके १८६५

चि. सौ. चंद्रप्रभा हीस अनेक आशीर्वाद.

विधानाहून तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं.

दिगूचं अंग काल संध्याकाळपासून कोमट लागतं. नळीनं पाहिलं, शंभराला थोडा कमी. नाक वाहतं आणि दोनदा शिंकला. जीभ स्वच्छ, पोट मऊ, शौचाला नेहमीसारखं. डोकं दुखत नाही म्हणतो. पाणी उकळलेलंच देते. अर्धी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली आणि उरलेली का काढून घेतली म्हणून माझ्यावर रुसून ओट्यावर जाऊन बसला आहे. सर्दीच असावी असं ह्यांना वाटतं, मलाही वाटतं.

पहिलाच दिवस आहे, म्हणून लिहिलं.

तुझी
अक्का